म्हसोबाच्या माळावरचा स्पीडवे

सातारा,
९ नोव्हेंबर १९७३

श्री. अण्णाप्पा यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोहोचले. १९४६ साली आपण दोघांनी लंडनमध्ये पाहिलेल्या मोटारसायकलींच्या शर्यतीचे तुम्ही जे वर्णन केले आहे, ते वाचून आनंद झाला. परंतु त्यात चुका आहेत, आणि त्या तशाच राहू देणे मला शक्य नाही.

महायुद्धाचे विजय-संचलन शनिवारी झाले. आपण स्पीडवे पाहावयास गेलो तो त्यानंतरचा बुधवार होता. तुम्ही लिहिता तशी 'त्याच दिवसाची संध्याकाळ' नव्हे. त्या दिवशी पलटणीतील एकाही माणसाचे पाय बुटात जाण्याजोगे राहिले नव्हते. दुसरे असे की, 'मैदानात लाखभर माणूस' हे सर्वस्वी असत्य आहे. न्यू क्रॉसचे ते मैदान चिमुकले होते. तेथील लोकच त्याला प्रेमाने 'तळणीचा तवा' म्हणत. तव्यात लाख माणूस मावत नाही. तिसरे, मी फेटा हवेत उडविला नाही. माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका धिप्पाड बाईंनी आनंदाच्या भरात हात वर केला, त्यात तो पडला.

बाकीचे वर्णन यथार्थ आहे. चार स्वार, चार फेऱ्या, जळक्या कोळशाची बारीक खडी पसरलेली लंबवर्तुळाकार वाट, आणि ब्रेक नावाची वस्तूच नसलेल्या मोटारसायकली! वळण आले की वेग कमी करावयाचा नाही. मागचे चाक मुद्दाम घसरू द्यावयाचे, डावा पाय जमिनीला टेकवावयाचा आणि संपूर्ण वळण तिरके-तिरके काढावयाचे. मी त्या वेळी पलटणीत शिक्षण-हवालदार होतो, पुढे पंचवीसएक वर्षे मुलांना भाषा शिकविली. परंतु पहिले वळण पाहून माझ्या तोंडून जो आवाज निघाला, त्याचे व्याकरण मला आजही सांगता येणार नाही.

आता मुख्य मुद्दा. वेस्ट हॅमचे थोर मैदानही गेल्या वर्षी मिटले असे न्यू क्रॉसचे जुने स्वार बर्टसाहेब यांनी लंडनहून कळविले, म्हणून तुम्ही त्यांनी दिलेले ते शर्यतीचे मशीन कोल्हापूरच्या भंगारवाल्यास देण्याचे ठरविले आहे. वीस वर्षे तुम्ही ते सांभाळले आणि या देशात ते एकदाही शर्यतीत धावले नाही. हे मला मान्य नाही. उंब्रजच्या अलीकडे आमच्या गावी चैत्री पौर्णिमेनंतरच्या रविवारी म्हसोबाची यात्रा भरते. कुस्त्यांचा माळ मोठा आहे. तेथे चार मोटारसायकलींची शर्यत लावू. एकदा धावू द्या. मग विकावयाचे तर विका.

तुमचे पत्र लाल शाईने दुरुस्त करून सोबत परत पाठवीत आहे.

आपला,
लालासाहेब


कुपवाड (सांगली),
२१ नोव्हेंबर १९७३

लालासाहेब मास्तरांस अण्णाप्पाचा जयजिनेंद्र.

टपाल घरी येते आणि मी कारखान्यात लेथवर असतो, त्यामुळे माझी पत्रे चंपाबाईच आधी उघडते. तिने ते लाल झालेले पत्र पाहिले आणि मी जेवायला घरी येताच विचारले, "काय हो, नापास झालात?"

मास्तर, तुम्ही न्यू क्रॉसचे भरलेले दिवस पाहिलेत. मी १९४९ ला पुन्हा गेलो, बर्टच्या हाताखाली मशीन उघडायला-जोडायला लागलो, तेव्हाही दर बुधवारी रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होत असे. वळणावरची खडी उडून बायकांच्या कोटावर बसायची. त्या ती झटकत नसत. घरी जाऊन शेजारणीला दाखवीत. चार वर्षांत काय झाले कोण जाणे. लोक घरी टेलिव्हिजनपुढे बसले, त्यातच सरकारचा करमणूक कर. शेवटी शेवटी दारावरचा तिकीटवाला मला म्हणाला, "तू आत ये बाबा, निदान कोणाला तरी 'गुड इव्हिनिंग' म्हणता येईल." मैदान बंद पडले त्या दिवशी बर्टने आपले मशीन मला दिले. म्हणाला, "तुमच्याकडे ऊन भरपूर आहे, गंजणार नाही." ते खोक्यांत घालून मी बोटीने आणले.

जिथे वाढला तिथल्या राजधानीतच ज्याची मैदाने एकेक करून चालली, तो खेळ तुमच्या म्हसोबाच्या माळावर कोण बघणार? असे मी मनाला सांगतो खरे, पण तुमचे पत्र आल्यापासून रोज त्या मागच्या खोलीत जातो. काल टाकीवरची धूळ पुसली. मास्तर, मला एकदाच पाहायचे आहे. खरी शर्यत, चार जण, चार फेऱ्या. ती झाली की मी स्वतःच्या हाताने ते तराजूत घालीन.

चंपाबाईला ती खोली लोणची-पापडाला हवी आहे. तरी ती म्हणाली, "यात्रेपर्यंत थांबते. पण एक अट. तुम्ही त्याच्यावर बसायचं नाही. हाडं आता जुनी झालीत. मदन बसू दे." मदन म्हणजे आमचा थोरला, तुम्ही त्याला मुंजीच्या वयाचा पाहिला होता, आता मिशी आहे. मी हो म्हटले.

भंगारवाल्याला थांबायला सांगितले आहे. गावाला विचारा. मशीनला पेट्रोल चालत नाही, स्पिरिट लागते, आणि तेल म्हणून एरंडेल. हेही सांगा, नंतर बोल नको.

तुमचा,
अण्णाप्पा


सातारा,
१० डिसेंबर १९७३

श्री. अण्णाप्पा यांस,
सप्रेम नमस्कार.

काल गावी जाऊन आलो. यात्रा कमिटीचे अध्यक्ष हंबीरराव हे माझ्या चुलतघराण्यातील. वयाने माझ्याएवढे, आवाजाने माझ्या दुप्पट. देवळापुढच्या कट्ट्यावर सर्व मंडळी जमली होती. संभाषण शब्दशः देतो.

"ब्रेक न्हाई म्हंता?"

"नाही."

"आन पेट्रोलबी लागत न्हाई?"

"नाही. मद्यार्क लागतो."

"म्हंजी दारू?"

"एका अर्थी, होय. आणि वंगणासाठी एरंडेल."

हंबीरराव कट्ट्यावरच्या मंडळींकडे वळले. मग म्हणाले, "दारू पिती, वर एरंडेल घेती, आन सुटली की थांबत न्हाई. मास्तर, ही फटफटी न्हवं, आमचं थोरलं चुलतं हाईत!"

सभा हसण्यात बुडाली आणि परवानगी मिळाली. कुस्त्या आटोपल्यावर, उन्हे कलताना शर्यत लावावयाची.

मैदान मी स्वतः पाहिले. जमीन सपाट आहे. बरोबर मध्यभागी म्हसोबाचा शेंदरी दगड आहे, उघड्यावरच. त्याची चिंता करू नये. अडथळा तर नाहीच, उलट लंबवर्तुळाचा मध्य आपणांस आयता मिळाला आहे. इंग्लंडात असा मध्य शोधण्यासाठी किती मोजमापे करावी लागत असतील!

तुमच्या पत्रात याच गोष्टीस एके ठिकाणी 'खेळ' आणि एके ठिकाणी 'शर्यत' म्हटले आहे. एक शब्द निवडावा.

आपला,
लालासाहेब


कुपवाड,
२ जानेवारी १९७४

मास्तरांस जयजिनेंद्र.

कामाला सुरुवात झाली. मिरजेच्या रेल्वे-शेडबाहेर इंजिनातून काढलेल्या जळक्या कोळशाचा डोंगर पडला आहे. तिथल्या फोरमनला विचारले, तर तो म्हणाला, "घेऊन जा की! न्यायला माणूस आला, हे पहिल्यांदाच बघतोय." तीन ट्रक तुमच्या माळावर टाकायचे ठरले. कारखान्यातले कृष्णात, अर्जुना आणि नानासो यांनी आपापल्या राजदूतचे ब्रेक काढून ठेवले आहेत. तिघांच्याही घरी हे अजून ठाऊक नाही.

एरंडेल आणायला सांगलीच्या पेठेत गेलो होतो. दुकानदाराने मोठा डबा बांधून दिला आणि गल्ल्यावरून पुढे वाकून हळूच विचारले, "घरी सगळ्यांनाच का हो?"

मदन एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर सराव करतो. पहिल्या दिवशी गटारात, दुसऱ्या दिवशी बाभळीत. आठव्या दिवशी मात्र त्याने मागचे चाक घसरवले, पाय टेकवला आणि अख्खे वळण तिरके काढले. मी टाळी वाजवायची विसरलो. मागे बघतो तर चंपाबाई डबा घेऊन उभी. म्हणाली, "वेगाची मूठ मधेच सोडतोय तो." मास्तर, वीस वर्षे मी जेवताना बडबडत होतो ते ही ऐकत होती!

एक गोष्ट मात्र कळेना. तुम्ही लिहिता, देव मधोमध आहे. आमची मशीने डावीकडेच वळत फिरणार. म्हणजे देव डाव्या हाताला. आम्हीही आमच्या बस्तीत, म्हणजे देवळात, देवाला उजव्या हाताला ठेवूनच फिरतो. तुमच्या गावाला हे चालणार का? विचारून घ्या.

तुमचा,
अण्णाप्पा


सातारा,
मकरसंक्रांत, १४ जानेवारी १९७४

श्री. अण्णाप्पा यांस,
सप्रेम नमस्कार. तिळगूळ सोबत पाठविला आहे.

चालणार नाही.

हंबीररावांनी काडीने मातीत वर्तुळ काढले, मध्ये खडा ठेवला आणि विचारले, "गाड्या कुनीकडनं फिरनार?" मी बोटाने दाखविले. ते ताडकन उभे राहिले.

"आवं मास्तर! देवाला डाव्या अंगाला घालून फेऱ्या? ही मढ्याची फेरी! मसणात घालत्यात तशी. गावावर काय आनताय तुमी?"

"हंबीरराव, ही प्रदक्षिणा नव्हे. ही शर्यत आहे."

"ते तुमाला म्हाईत. देवाला कोन सांगनार?"

मी प्रमाणे दिली. घाण्याचा बैल, रहाट, काय काय सांगितले. शेवटी म्हणालो की, खुद्द पृथ्वी सूर्याभोवती याच दिशेने फिरते.

"फिरू दे," हंबीरराव म्हणाले. "तिला आमच्या गावात ऱ्हायाचं न्हाई."

 उजवीकडून फिरवा, आनंदाने फिरवा, असे कमिटीचे म्हणणे आहे. हे मशीन उजवीकडे वळविता येणार नाही काय? तुम्ही हाताचे कसबी आहात. विचार करून कळवावे.

आपला,
लालासाहेब


कुपवाड,
२२ जानेवारी १९७४

मास्तर,

नाही येणार. उजव्या गुडघ्याला धरायला हूक आहे, डाव्या पायात लोखंडी तळव्याचा बूट आहे, हँडल वाकडे आहे ते डाव्या वळणासाठी. सगळे मशीनच एका अंगावर निजलेले आहे. आणि मशीनचे सोडा. कापून-जोडून उजवीकडे फिरवलेच, तर तो स्पीडवे नाही. ती नुसती घाई.

सांगलीत दोन ठिकाणी मैदान विचारले. आवाज आणि धूर म्हटल्यावर दोन्हीकडे नाही म्हणाले. हंबीररावांचे म्हणणे मला पटते, म्हणून त्यांच्यावर रागही धरता येत नाही. न्यू क्रॉस बंद झाले तेव्हा निदान रागवायला सरकार तरी होते.

भंगारवाल्याला निरोप धाडला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो येतो. मदन त्या प्लॉटकडे फिरकत नाही. चंपाबाईला खोली मिळणार, तिने खूश व्हायला हवे. पण काल एरंडेलाचा डबा हातात घेऊन ती दारात उभी होती. म्हणाली, "हे आता कुणाला घालू?"

तुम्ही फार खटपट केलीत.

अण्णाप्पा


सातारा,
२८ जानेवारी १९७४

श्री. अण्णाप्पा यांस,

मशीन देऊ नये.

काल हंबीरराव येथे साताऱ्यास आले होते. मी त्यांस सांगितले की, सोमवारी मशीन मोडीत जाणार. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि ते म्हणाले, "फिरवायची न्हाई ती न्हाईच. पर आवाज तर ऐकू द्या माणसाला. नुसती उभ्या-उभ्या चालू करा."

तरी येत्या रविवारी टेम्पोत घालून गावी आणावे. माझा घोटा मुरगळला आहे. मी येऊ शकत नाही. जे घडेल ते शब्दशः कळवावे. अलंकार नकोत.

लालासाहेब


कुपवाड,
४ फेब्रुवारी १९७४

मास्तरांस जयजिनेंद्र, दोनदा!

आज सकाळी भंगारवाला आला होता. त्याला चहा दिला, लाडू दिला आणि हात जोडून वाटेला लावला. काय झाले ते ऐका. अलंकार घालत नाही, पण जे घडले त्यानेच अलंकार घातले असतील तर माझा इलाज नाही.

आम्ही माळावर मशीन उतरवले तेव्हा शंभरेक माणसे होती. मदनने ढकलत नेऊन सुरू केले. मास्तर, त्या माळाने तसला आवाज कधी ऐकला नसणार. कोंबड्या छपरावर गेल्या. एक बैल दावे तोडून पार ओढ्यापलीकडे. हंबीरराव मात्र एक-एक पाऊल पुढे येत राहिले. धूर नाकात घेतला. म्हणाले, "पुन्यांदा." पुन्हा केले. "आनी एकदा." ते झाल्यावर त्यांनी तपकिरीची डबी काढली, पण ओढायची विसरले.

"अशा चार एकदम?"

"चार एकदम," मी म्हटले.

"आन वळनावर आडव्या हुनार?"

"साफ आडव्या."

ते वडाखाली जाऊन बसले.  मग एकदम हाक मारली, "गुरवाला बोलवा रं!"

गुरव धावत आला.

"यात्रेदिवशी देव कुठं असतो?"

"कुठं म्हंजी? पालखीत."

"दगडात न्हाई?"

"आवं, मुखवटा पालखीत चढला म्हंजी देव पालखीत. माघारी येईस्तवर जागा रिकामीच की."

"मग रिकाम्या दगडाला कसलं डावं आन कसलं उजवं?"

माणसे एकमेकांकडे बघू लागली. एक म्हातारा म्हणाला, "ते खरं, पर देवानं शर्यत बगायची का न्हाई?"

"तेच सांगतोय की!" हंबीररावांनी पुन्हा मातीत वर्तुळ काढले. या वेळी खडा मधे न ठेवता बाहेर ठेवला. "पालखी हितं, वडाखाली. गाडी फिरती डावीकडं. मग देवाम्होरनं जाताना देव कुठल्या अंगाला?"

कोणाला सांगता येईना. तेव्हा हंबीरराव स्वतः उठले, धोतराचा काचा मारला आणि मातीतल्या रेघेवरून चालू लागले, उजवा हात खड्याकडे धरून. त्यांच्यामागे गुरव, त्याच्यामागे तो म्हातारा, मग निम्मी कमिटी. सगळे एका ओळीत गोल, खड्यासमोर आले की उजवा हात बाहेर!

"उजव्याच!" हंबीरराव ओरडले. "चारी फेऱ्या देव उजव्याच अंगाला! म्हसोबाची पैल्या रांगेत बसायची सोय झाली गड्या! मास्तरला कळवा. म्हनावं, फिरू द्या आता पृथ्वीला!"

परत येताना मदन सगळा रस्ता गात होता. त्याचा गळा वाईट आहे, पण मी त्याला थांबवले नाही.

तुमचा,
अण्णाप्पा


कुपवाड,
१० एप्रिल १९७४

मास्तरांस जयजिनेंद्र.

कान अजून गुणगुणत आहेत. हा सगळा वृत्तांत मला बर्टला कळवायचा आहे. मी खाली लिहितो, त्याचे इंग्रजी तुम्ही करा आणि तारखा तपासा.

बर्ट, तुझे मशीन धावले. दोन हजार माणूस होते, मास्तरांना विचार. तोरण बांधलेल्या पालखीत देव, त्याच्या शेजारी हंबीरराव. आम्ही सांगितले होते की वळणावर उभे राहू नका, खडी उडते. तर सगळा गाव वळणावरच. पहिल्या फेरीत हंबीररावांचा पांढराशुभ्र फेटा काळा झाला. त्यांनी तो झटकला नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले, "उद्या कराडला असाच जानार."

पहिली शर्यत कृष्णातने जिंकली. दुसऱ्या शर्यतीत अर्जुनाची राजदूत वळलीच नाही, ती सरळ कलिंगडांच्या गाड्यात गेली. माणसाला काही झाले नाही आणि कलिंगडे सगळ्यांनी खाल्ली. तिसरी नानासोने. चौथी, शेवटची शर्यत तुझ्या मशीनवर आमच्या मदनने जिंकली. शेवटचे वळण असे काढले बर्ट, की हँडल आणि जमीन यांत चार बोटांचे अंतर. मी बाजूला पाना घेऊन उभा होतो. कोणी बाई "मूठ सोडू नका, मूठ सोडू नका!" म्हणून ओरडत होती. मास्तर, हे बर्टला नको, पण तुमच्या गावच्या बायकांना यातले बरेच कळते.

चंपाबाई त्या दिवशी माहेरी, बोरगावला गेली होती, त्यामुळे तिला शर्यत पाहता आली नाही याची चुटपुट लागून राहिली. 'तुला शर्यती आवडत नाहीत तर नको येऊ,' असे मीच तिला म्हटले होते.

कमिटीने पुढच्या वर्षीही बोलावले आहे. सात एप्रिल १९७५. आता मशीनचे काय करायचे ते चंपाबाईला विचारायला धीर होत नाही. माझा शब्द तर 'एकदाच' असा होता. ती माहेरून आली की विचारीन.

तुमचा,
अण्णाप्पा


सातारा,
१५ एप्रिल १९७४

श्री. अण्णाप्पा यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

वृत्तांत वाचला. भाषा सुधारली आहे. सत्य मात्र ठिकठिकाणी लंगडते. अशा मजकुराचे इंग्रजी करून त्याखाली माझे नाव घालणे मला जमणार नाही. म्हणून दुरुस्त्या करतो.

चौथ्या शर्यतीपूर्वी चि. मदन पोट धरून पालखीमागे जाऊन बसला. तेथे त्याने कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या, हे मी पाहिले. त्यावरून ती पोटदुखी कोणत्या जातीची होती हे उघड आहे. त्यानंतर मशीनवर जो स्वार बसला, त्याच्या टोपाखालून पांढरे केस दिसत होते. त्याने वळणे जशी काढली, तशी मी १९४६ नंतर पाहिली नाहीत. दोन हजारांनी (ही संख्या मात्र बरोबर आहे) त्यास ओळखले. तुमच्या पाना घेऊन उभे राहण्याविषयी मी अधिक लिहीत नाही.

हे पत्र प्रथम चंपावहिनीच उघडतील हे मी जाणतो. म्हणून पुढील मजकूर त्यांस उद्देशून आहे.

चंपावहिनी, तुम्ही शनिवारीच आमच्या घरी उतरलात आणि 'यांना सांगू नका' म्हणालात, तेव्हा मी 'बघू' एवढेच म्हटले होते. 'सांगणार नाही' असे म्हटले नव्हते. आमच्या सौ. शालूबाईंची शाल डोक्यावरून घेऊन तुम्ही बायकांत बसलात, तोपर्यंत ठीक होते. तुमचे यजमान मशीनवर चढताना पाहून तुम्ही प्रथम म्हणालात, "आता घरी या म्हणजे दाखवते." तिसऱ्या फेरीस तुम्ही बैलगाडीवर उभ्या होतात. मूठ न सोडण्याची सूचना तुमची होती. ती त्यांनी पाळली, म्हणून ते जिंकले. आणि ते रेघ ओलांडून गेल्यावर शालूबाईंचा दंड धरून तुम्ही जे म्हणालात, तेही मी येथे नोंदवितो, कारण अण्णाप्पांस जो प्रश्न विचारण्याचा धीर होत नाही, त्याचे ते उत्तर आहे: "लोणची काय, माळ्यावरसुद्धा मुरतात."

अण्णाप्पा, आता एक दुरुस्ती माझ्याकडून राहून गेली आहे, तीही सांगतो. पालखीसमोरून जाताना देव उजव्या अंगास येतो, हे हंबीररावांचे म्हणणे बिनचूक आहे. परंतु पलीकडच्या बाजूने परत येताना तोच देव डाव्या अंगास येतो. तुमचे फेब्रुवारीतील पत्र वाचतानाच हे माझ्या ध्यानात आले होते. मी हंबीररावांस ते सांगितले नाही. सांगणारही नाही, आणि तुम्हीही सांगू नये.

बर्टसाहेबांस पाठवावयाच्या पत्रासाठी दुरुस्त तारखा खालीलप्रमाणे:

ब्रिटनमधील स्पीडवेचा आरंभ म्हणून जी शर्यत सामान्यतः मानतात, ती हाय बीच येथील, १९ फेब्रुवारी १९२८. (मागे तुम्ही १९३० म्हणाला होता.)

विजय-संचलन, शनिवार, ८ जून १९४६. आपण न्यू क्रॉस पाहिले तो बुधवार, १२ जून १९४६.

न्यू क्रॉस मिटले ते १९५३. पुढे ते काही काळ उघडले आणि पुन्हा मिटले. तेव्हा 'कायमचे' हा शब्द त्या सालापुढे घालू नये. वेस्ट हॅम, १९७२. खेळ संपला असेही लिहू नये. लंडनबाहेरच्या गावांत तो चालू आहे आणि आता उंब्रजजवळही.

गावाने मशीनचा आवाज प्रथम ऐकला, रविवार, ३ फेब्रुवारी १९७४.

म्हसोबाच्या माळावरील पहिली शर्यत, रविवार, ७ एप्रिल १९७४.

चंपावहिनी माहेरी गेल्या, ७ एप्रिल नव्हे. ८ एप्रिल, उंब्रजहून एस. टी.ने परस्पर.

मशीन भंगारवाल्यास देण्याचा दिनांक, कोणताही नाही.

दुसरी शर्यत, ७ एप्रिल १९७५ हे साफ चूक. यंदा भाद्रपद अधिक आहे, त्यामुळे यात्रा पुढे जाते. योग्य दिनांक: रविवार, २७ एप्रिल १९७५. वीस दिवस अधिक मिळत आहेत; त्यात चि. मदनचे पोट बरे करावे, आणि जमल्यास पाचवे मशीन तयार करावे. हंबीरराव शिकावयास तयार आहेत.

आपला,
लालासाहेब